धरलेला हात तोडायचा नाही

सकाळची गर्दी कोपरांनी ढकलते आणि संध्याकाळची खांद्यांनी, असे दारमावशींचे मत होते. सकाळी माणसांना पार्कात पोचायची घाई असते, म्हणून कोपरे धारदार असतात. तीच माणसे दिवसभर पाळण्यांत फिरून, पाण्यात भिजून, उन्हात वाळून परत निघतात तेव्हा त्यांच्या अंगात हाडे म्हणून उरलेली नसतात. ती ढकलत नाहीत, नुसती कलतात. कलत्या माणसावर रागावून उपयोग नसतो. त्याला टेकायला काहीतरी द्यावे लागते. मावशींना संध्याकाळची गर्दी आवडे.

पार्क शहराबाहेर होते आणि गाड्या लावायचे मैदान पार्कापासूनही लांब. मध्ये एक तळे, आणि तळ्याला वळसा घालून जाणारा अरुंद रस्ता. त्या रस्त्यावर पार्कच्या बस दिवसभर ये-जा करीत. तिकीट नाही, बसला नंबर नाही, नुसता रंग. मागच्या दाराशी एक माणूस तेवढा असे. माणसे चढवायची, उतरवायची आणि घंटी द्यायची, एवढे त्याचे काम. निळ्या बसच्या दाराशी मावशी होत्या, आणि त्याच बसच्या चाकामागे त्यांचे यजमान.

यजमानांना डेपोत सगळे मौनीबाबा म्हणत. त्यांनी हॉर्न वाजवला की बाकीचे ड्रायव्हर म्हणत, आज बाबा फार बोलले. मावशींच्या वाट्याचे आणि त्यांच्या वाट्याचे असे दोघांचे बोलणे मावशी एकट्याच बोलत, आणि तक्रार कोणाचीच नव्हती. एकुलता मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तो सुट्टीच्या दिवशी फोन करी आणि आईबापांशी मिळून जेमतेम एका माणसाइतके बोले. तेव्हा बाबा मावशींकडे बघून मान हलवीत, म्हणजे, माझ्यावर गेला.

कामावर त्या दोघांच्या मध्ये अख्खी बस असे. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधे ओळखीचे नसलेले गावच्या गाव. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बाबांच्या डोक्यावरच्या लांबोड्या आरशात मावशींचे पिवळे जाकीट दिसे आणि मावशींना आरशात बाबांचे कपाळ आणि भुवया दिसत. भुवई वर गेली की मावशी समजत, पुढचे दार भरले. एवढ्यावर त्यांचा संसार दिवसभर चाले. घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, ही दोघे समोरासमोर जेवायला बसत तेव्हा मधे कोणीच उभे नाही याचेच त्यांना कधीकधी नवल वाटे.

पार्कात येण्याआधी मावशी कापडाच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालून खोक्यांत भरीत. खोक्यात किती कोंबता येईल हे कोणालाही कळते; किती कोंबू नये हे हातांना कळावे लागते. कारखाना बंद पडला तेव्हा ते शिकलेले हात रिकामे झाले. पार्क उघडले, बाबांना बस मिळाली, आणि दाराशी उभे राहायला माणूस हवा म्हटल्यावर मावशींनी नाव दिले. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आले, की काम तेच आहे. फक्त चादरी बोलतात.

मावशी माणसांना कधी ओरडून आत ढकलत नसत. पाठीवर फुगलेली बॅग घेऊन कोणी शिरला की म्हणत, "दादा, लेकरू पाठीला का? पोटाशी घ्या त्याला." बॅग निमूटपणे पुढे येई आणि एका माणसाची जागा होई. दारातच पाय रोवून उभे राहणाऱ्याला विचारीत, "दाराशी लग्न लागलंय का तुमचं? आत सासर आहे, जा." आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघत बसणाऱ्यांसाठी त्यांचा ठरलेला प्रश्न होता, "पिशवीचे पाय दुखतात का हो?" हा प्रश्न ऐकून आजवर एकाही पिशवीने हो म्हटले नव्हते. लोक हसत, पिशवी मांडीवर येई.

आणि त्यांचा एक नियम होता, जो पार्कच्या कुठल्याच पाटीवर लिहिलेला नव्हता. धरलेला हात तोडायचा नाही. दारापाशी रांग कुठे कापायची, हे त्या डोकी मोजून ठरवत नसत. त्या खाली, कमरेच्या उंचीवर बघत. तिथे हात दिसत. आईच्या बोटाला लोंबणारे, नवऱ्याच्या मनगटाला धरलेले, मैत्रिणीच्या बाहीत अडकलेले. जिथे हात सुटे, तिथे मावशी आपला हात आडवा धरीत, "मागून लगेच दुसरी आहे" म्हणत आणि घंटी देत. त्यामुळे कधी बस थोडी रिकामी सुटे, कधी जरा जास्त भरे. पण निळ्या बसने कोणाला अर्धे नेले आणि अर्धे ठेवले, असे कधी झाले नव्हते. कमरेच्या उंचीवरच्या त्या जगात मावशी इतकी वर्षे बघत आल्या होत्या की माणसांचे चेहरे त्यांना लक्षात राहत नसत, हात राहत.

त्या वर्षी नवे वाहतूकसाहेब आले. तरुण होते, सभ्य होते, उन्हात स्वतः उभे राहत. एका दुपारी रांगेत एक म्हातारी चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला सावलीत नेणारे तेच. त्यानंतर त्यांनी मावशींना बोलावून घेतले. त्यांचे म्हणणे असे, की रांग उन्हात तापत असताना निळी बस सात-आठ जागा रिकाम्या ठेवून सुटते, हे बरे नाही. बस म्हणजे पंगत नव्हे, सगळे घर एकदमच बसले पाहिजे असे नाही. मावशींनी आपले हातांचे गणित सांगितले. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे मावशींनाही मान्य करावे लागले. मग ते म्हणाले, की या हंगामापुरते तुमच्या पद्धतीने चालू द्या; पण त्या पद्धतीपायी एक जरी तक्रार आली, तर दारावर दुसरा माणूस येईल आणि तुम्ही खाली जमिनीवर, रांगेच्या तोंडाशी उभ्या राहाल. पगार तोच.

पगार तोच, हे मावशींनी घरी सांगितले. बाकीचे बाबांना सांगावे लागले नाही. हंगाम संपला की बाबा निवृत्त होणार होते. निळ्या बसच्या दोन टोकांना दोघे, हे तेवढ्या दिवसांपुरतेच उरले होते. त्या रात्री बाबांनी भाजीत मीठ कमी असल्याचे सांगितले, म्हणजे त्यांना फारच लागले असले पाहिजे.

सुट्टीच्या आठवड्यातली एक संध्याकाळ होती. ऊन उतरले होते, पार्कच्या मोठ्या पाळण्याचे दिवे लागले होते आणि रांग तिकीटखिडक्यांच्या मागे वळून दिसेनाशी झाली होती. लोक कलत होते. मावशी दारात उभ्या राहून हात बघत होत्या. बस भरत आली. शेवटी एक टोपीवाले आजोबा आले. त्यांच्या हाताला एक चार-पाच वर्षांची मुलगी, डोक्यावर कागदी मुकुट, डोळे निम्मे मिटलेले. तिने आजोबांची दोन बोटे अशी धरली होती की जणू ती तिचीच आहेत. दोघांना चढवून मावशींनी हात आडवा केला. त्या हातामागे एक बाई होती, काखेत तान्हे, दोन्ही खांद्यांना पिशव्या. ती काहीतरी ओरडली. सुट्टीच्या संध्याकाळी सगळेच काहीतरी ओरडतात. "ताई, मागून लगेच दुसरी आहे," मावशी म्हणाल्या. दार लागले. दोन घंट्या.

आत मावशींनी एका तरुणाकडे नुसते पाहिले आणि तो उठला. आजोबा बसले, मुलगी त्यांच्या कुशीत सरकली आणि झोपली.

तळ्याच्या वळणावर बाबा नेहमी आतले दिवे मालवीत, कारण आतला उजेड पुढच्या काचेवर पडून रस्ता दिसत नसे. कारण एवढेच होते. पण त्या क्षणी बस बस राहत नसे. पाण्यात पाळण्याचे दिवे उलटे फिरत आणि त्यांचा निळा-तांबडा उजेड खिडक्यांमधून येऊन माणसांच्या तोंडांवरून सावकाश सरकत जाई. बोलणे आपोआप थांबे. दांड्याला धरलेली माणसे वळणाबरोबर एकदम इकडे झुकत, एकदम तिकडे, जशी पाण्याखालची पाने. कोणाचे डोके कोणाच्या खांद्यावर आहे याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. सकाळी एकमेकांवर पाय पडला म्हणून भांडलेली माणसे या वळणावर एकमेकांच्या श्वासावर श्वास घेत. मावशींना वाटे, की आपण सगळ्यांना एका मोठ्या चादरीत घडी घालून ठेवले आहे आणि चादर हळूहळू वाहत चालली आहे.

त्या उजेडात त्यांना मुलगी जागी झालेली दिसली. तिने वर पाहिले. बराच वेळ पाहिले. घाबरली नाही, झोपेत असलेले मूल जसे स्वप्नातल्याला विचारते, तसे तिने विचारले, "तुम्ही कोण?"

आजोबा म्हणाले, "मला वाटलं, तू ओळखतेस."

हे इतके हळू बोलले गेले की दोन माणसांपलीकडे गेले नसते. मावशी तिसऱ्या होत्या. त्या खाली वाकल्या आणि आजोबांना विचारले, की ही तुमची नाही का. आजोबांनी टोपी काढली. त्यांची नात अशीच होती, पण ती आता मोठी झाली होती आणि समुद्रापलीकडे राहत होती; तिच्या लहानपणी ते तिला इथे आणत, आणि अजूनही वर्षातून एकदा ते एकटेच येत, पाळण्यात एक फेरी मारीत आणि जात. आज रांगेत मागून कोणीतरी बोटे धरली. त्यांनी खाली पाहिले तेव्हा कळले, की मूल चुकले आहे. "आई मागेच असेल, आत्ता हाक मारील, तोवर धरू दे म्हटलं," ते म्हणाले. "मग तुम्ही आम्हाला दोघांना मिळूनच चढवलंत. आणि दार लागलं."

मग ते म्हणाले, "सांगायला हवं होतं. सांगवलं नाही."

मावशींना ती काखेत तान्हे घेतलेली बाई आठवली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. मूल तिच्या पिशवीचा बंद धरून चालत असणार, आणि कलत्या गर्दीत बंद सुटून बोटे हातात आली असणार. बंद धरलेला हात मावशींच्या गणितात नव्हता. दुसरा कोणीही दाराशी असता, नुसती डोकी मोजणारा, तर त्याने कदाचित आजोबांपाशीच रांग कापली असती आणि मुलगी आपोआप खाली राहिली असती. धरलेला हात तोडायचा नाही म्हणून मावशींनीच ती उचलून आणली होती.

अरुंद रस्त्यावर बस थांबवता येत नव्हती, वळवता तर नव्हतीच. मागून दुसरी बस येणार, तिच्यात ती आई असणार. मैदानावर पोचल्यावर मूल तिच्या हाती द्यायचे, दोन शब्द ऐकून घ्यायचे, की झाले. साहेबांपर्यंत काही जायचे कारण नाही. हा विचार मावशींच्या मनात आला, आणि तो आला हे त्यांनी स्वतःपासून लपवले नाही. पण ती बाई मागच्या बसमध्ये चढली असेल कशावरून? ती तिथेच, सगळ्या पाळण्यांच्या खाली, एकेका मुकुटामागे धावत असेल. वायरलेस पुढे होता, बाबांपाशी.

मावशींनी मुलीला कडेवर घेतले आणि म्हणाल्या, "मंडळी, मला पुढे जायचंय."

त्यांनी स्वतःच्या हाताने बस अशी भरली होती की मधून टाचणी गेली नसती. तरी ती उघडली. कोणी पोट आत घेतले, कोणी एका पायावर उभे राहिले, कोणी आपले मूल डोक्यावर उचलून धरले. कोणीतरी बॅग न सांगता पोटाशी घेतली. ज्यांना जागा देता येत नव्हती त्यांनी निदान श्वास रोखला. मुलगी मावशींच्या खांद्यावरून सगळ्यांकडे बघत होती, आणि तिच्या मुकुटावर एकदा निळा, एकदा तांबडा उजेड पडत होता. चालत्या बसमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत मावशी कधी आल्या नव्हत्या. ती वाट त्यांना आपल्या लग्नाइतकी लांब वाटली.

बाबांनी आरशात पिवळे जाकीट वाढत वाढत येताना पाहिले होते. ते आरशातून निघून खऱ्याने शेजारी उभे राहिले, तेव्हाही त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"अहो, मूल चुकीचं चढवलं मी. याची आई मागे राहिलीय. वर कळवा."

बाबा म्हणाले, "साहेब ऐकतील."

"ऐकू देत. आधी तिला कळू दे."

"गर्दीत चढलं म्हणतो. चूक कोणाची, कशाला?"

मावशी म्हणाल्या, "माझी म्हणा. नाहीतर ती चूक तुम्हाला धरील."

एवढे लांब संभाषण कामावर त्यांनी कधी केले नव्हते. बाबांनी वायरलेस उचलला आणि जसे सांगितले होते तसेच सांगितले, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पलीकडून साहेबांचाच आवाज आला. त्यांनी मुकुटाचा रंग विचारला, आणि थोड्या वेळाने कळवले, की आई सापडली आहे, रांगेपाशीच आहे, तिला माझ्या गाडीतून घेऊन येतो.

मैदानावर लोक उतरले ते नेहमीसारखे पांगले नाहीत. आपापल्या गाड्यांपर्यंत जाऊन, तिथेच उभे राहून बघत होते. साहेबांची गाडी आली. बाईने तान्हे साहेबांच्या हातात कोंबले आणि मुलीला मावशींकडून जवळजवळ हिसकावून घेतले. आपले तोंड तिने मुलीच्या मानेत खुपसले, आणि ते वर काढले तेव्हा ती मावशींना म्हणाली, "मी ओरडत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि दार लावलंत."

"ओरडलेलं ऐकलं होतं ताई," मावशी म्हणाल्या. "काय ओरडताय ते ऐकून घेतलं नाही."

आजोबा टोपी हातात धरून थोडे लांब उभे होते. त्यांनीही जवळ येऊन आपले सांगितले. बाईने त्यांच्याकडे पाहिले नाही, आणि ते बरोबरच होते. पण गाडीकडे जाताना आईच्या खांद्यावरून मुलीने त्यांच्याकडे पाहून दोन बोटे हलवली. किती बोटे हलवायची याची तिला अजून सवय नसावी. आजोबा ती गाडी रस्त्याला लागेपर्यंत उभे राहिले, आणि मग पुन्हा टोपी घालायचे विसरून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मावशींना बसायला खुर्ची दिली. तुम्ही स्वतःहून कळवले नसते तर हे इतक्या लवकर सुटले नसते, असे ते म्हणाले; पण ठरले होते ते ठरले होते. मावशी म्हणाल्या, की मी काही मागायला आलेली नाही. फक्त एक सांगितले. तुमची डोकी मोजणे आणि माझे हात बघणे, दोन्हींत ते मूल चुकलेच असते कधी ना कधी. विचारायला हवे होते ते मुलालाच. साहेबांनी मान हलवली आणि रांगेच्या तोंडाशी तुम्ही तसे विचारत जा म्हणाले.

तेव्हापासून मावशी जमिनीवर उभ्या राहू लागल्या. प्रत्येक लहानग्यापुढे वाकून त्या विचारत, "हे तुझे कोण?" उत्तरे तऱ्हेतऱ्हेची येत. एकाने बापाकडे बोट दाखवून "हा आमचा ड्रायव्हर" म्हटले, एकीने आपल्या आईचा हात धरून "हिला मी सांभाळते" म्हणून सांगितले. मावशी हसत, आणि मगच त्यांना पुढे सोडत. दारावर आलेला मुलगा चपळ होता, बस भरभर भरी, रांग पूर्वीपेक्षा लवकर हलू लागली. हे खरे होते आणि मावशींनी ते बाबांना सांगितलेही. मात्र दार लागून दोन घंट्या झाल्या की निळ्या बसची पाठ तळ्याच्या वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहत. आणि ती गेली की पायाखालची जमीन इतकी स्थिर वाटे, की एखाद वेळी त्यांना खांब धरावा लागे.

शेवटच्या फेरीला पार्कची माणसेही उतारूंबरोबर परत जात. नव्या जागेवरच्या पहिल्या संध्याकाळी रांग संपली, सगळ्यांना चढवून झाले, आणि मावशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढच्या दाराने बसमध्ये शिरल्या. बस खच्चून भरलेली. पाळण्यांचे मेकॅनिक, तिकिटांच्या मुली, झोपलेली मुले घेतलेले बाप, सगळे दांड्यांना धरून कललेले. आणि ड्रायव्हरच्या मागची एकच सीट रिकामी. रिकामी नव्हे, तिच्यावर बाबांच्या डब्याची पिशवी नीट बसवून ठेवलेली. भोवती उभी असलेली चार माणसे त्या पिशवीकडे बघत होती आणि कोणाची काही बोलायची हिंमत होत नव्हती.

मावशींनी आयुष्यभर ज्या स्वरात विचारले त्याच स्वरात विचारले, "पिशवीचे पाय दुखतात का हो?"

बाबांनी आरशात पाहिले. तिथे पिवळे जाकीट नव्हते. ते शेजारी होते. मग पुढे बघत ते म्हणाले, "दुखतात. दिवसभर उभी होती."

बसमध्ये कोणीतरी हसले. मावशींनी पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि बसल्या. मागून नव्या मुलाच्या दोन घंट्या आल्या, जरा घाईच्या. तळ्याच्या वळणावर बाबांनी दिवे मालवले. पाण्यात पाळणा अजून फिरत होता. रिकामा, तरी सगळे दिवे लावून. मावशींनी तो या बाजूने कधी पाहिलाच नव्हता. मागच्या दारातून तो नेहमी दूर जाताना दिसे. पुढच्या काचेतून तो आधी येताना दिसला, मग शेजारून गेला. मावशी टेकल्या, आणि बस वळली तशी सगळ्यांबरोबर त्याही कलल्या.